तेरा दगडांची रांग

१

“केबल वाचवायची असेल तर दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, दगडावर विश्वास ठेवा!” असं मी माईकमध्ये ठणकावून सांगितलं आणि टेबलावरचा फोन वाजला.

केबल संरक्षण सप्ताहाचा दुसरा दिवस. सकाळचे सव्वाअकरा. समोर माझ्या हाताखालचे एकोणीस मेंटेनर परीटघडीचे कपडे घालून जांभया दाबत बसलेले. मी सिग्नल इन्स्पेक्टर. निवृत्तीला चार महिने उरले होते, त्यामुळे भाषणाची हौस जरा जास्तच. माझ्या पाठीमागे सगळे मला ‘ओळंबा’ म्हणतात. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो. मला तिरकं काही खपत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरची फाईल, समोरच्याचा भांग, काही म्हणजे काही नाही. बायको म्हणते, आमच्या घरात चपलासुद्धा सावधानमध्ये उभ्या असतात. खरं सांगायचं तर मला त्या नावाचा अभिमानच होता.

फोनवर स्टेशनमास्तर होते आणि ओरडत होते. “तुमचं भाषण राहू द्या! केबल तुटलीय. सगळे सिग्नल लाल झालेत.”

मी माईकवर हात ठेवून सभागृहाला म्हणालो, “केबल तुटली.” एवढंच म्हणालो. कुठली, कुठे, काहीही सांगितलं नाही. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतला एक जण उठला, पिशवी खांद्याला अडकवली आणि दाराकडे चालू लागला. त्याला आम्ही मौनीबाबा म्हणतो. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या हातात पहिला पाना मी दिला होता. मला वाटलं, याला म्हणतात कामाची तळमळ!

आमची केबल रुळाच्या कडेने हातभर खोल जमिनीत असते. वरून काही दिसत नाही, म्हणून वीस-वीस पावलांवर गुडघाभर उंचीचे पांढरे दगड पुरतात. कुणालाही खणायचं असेल तर दगडांच्या रांगेपासून एक मीटर लांब खणायचं. आणि खणताना आमचा मेंटेनर शेजारी उभा हवा. त्या दिवशी तो उभा नव्हता. कारण एकोणीसच्या एकोणीस जणांना मी माझं भाषण ऐकायला कोंडून ठेवलं होतं. अपराधीपणाची पहिली ठिणगी मला तिथेच लागली.

दुपारी एकला दुसरा फोन आला. सिग्नल बंद पडले की सांध्यांच्या मोटारीही बंद पडतात. मग गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर न्यायची, तर सांधेवाल्याला हाताने दांडा फिरवून रूळ सरकवावे लागतात. रुळांच्या फटीत खडी अडकली होती. सांधेवाल्याने ती काढायला हात घातला, आणि पलीकडे दांडा फिरवणाऱ्या सोबत्याला ते दिसलं नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागेवर गेलो. चौकशी माझ्याकडेच आली होती. प्राथमिक अहवाल तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता. मोठ्या साहेबांनी फोनवर सल्लाही दिला होता: “खणणाऱ्या जेसीबीवाल्याचं नाव टाका आणि मोकळे व्हा.”

रुळाच्या कडेला पाण्यासाठी नाली खणायचं काम चालू होतं. ठेकेदाराचा मुकादम छत्री घेऊन माझ्याआधीच हजर. गडी बोलायला एकदम लोणी.

“साहेब, मी त्याला चारदा बजावलं, दगडापासून लांब राहा. पण तो आपल्याच तंद्रीत! दीड मीटरवरून आला की नाही सरळ? आला. आणि इथे पोचल्यावर काय डोक्यात आलं कोण जाणे, बकेट थेट दगडांकडे वळवलं.”

“तू पाहिलंस?”

“मी पलीकडे होतो. पण त्याशिवाय केबल तुटेल कशी?”

बोलणं बिनतोड वाटत होतं. पण तपासायचं कसं? केबल जोडणाऱ्यांनी खोलीएवढा खड्डा केला होता आणि गाड्या चालू व्हाव्यात म्हणून संध्याकाळच्या आत तो बुजवूनही टाकला होता. तुटलेली जागा दगडांखाली होती की लांब, हे आता मातीलाच माहीत. जोड मौनीबाबाने दिला होता. एवढा मोठा जोड त्याने चार तासांत संपवला, असं सगळे कौतुकाने सांगत होते.

जेसीबी मात्र जिथल्या तिथे उभा होता. मी त्याच्या मागे जाऊन चाकांच्या खुणा पाहिल्या. दोनशे पावलं चालत गेलो. दोन्ही चाकोऱ्या आखल्यासारख्या सरळ आल्या होत्या आणि शेवटपर्यंत सरळच होत्या. कुठे वळल्याची खूण नाही. वळवळ नाही, हिसका नाही.

म्हणजे मुकादम खोटं बोलत होता, नाहीतर केबल दगडांखाली नव्हतीच.

३

जेसीबीवाला मला रुग्णालयाच्या जिन्यावर सापडला. कालपासून तिथेच बसून होता. चाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली, हातात औषधांची पिशवी.

“आत का जात नाहीस?”

“कोणत्या तोंडाने जाऊ?” तो म्हणाला. “तो सांधेवाला माझा मेव्हणा आहे, साहेब. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. ही नोकरी त्यानेच लावून दिली मला. ठेकेदाराकडे शब्द टाकला होता त्याने. आणि मी त्याचा हात घालवला.”

असं काही नातं असेल, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

“त्याच्या बायकोने, वहिनींनी, दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, भाऊजी, परत तोंड दाखवू नका. माझी बायको आत भावाच्या उशाशी बसलीय. कालपासून एक शब्द बोलली नाही माझ्याशी. ही औषधं आणलीत, तीही वॉर्डबॉयच्या हाती द्यावी लागतील.”

“फोनवर बोलत होतास का खणताना?”

“नाही हो! फोन डब्याच्या पिशवीत होता. साहेब, माझं चुकलं असेल तर मला खुशाल आत टाका. पण काय चुकलं ते तरी सांगा! दगडापासून दीड मीटर सोडून चाललो होतो मी. अर्धा मीटर जास्तच सोडला होता. बकेटला हिसका बसला आणि काळं काहीतरी वर आलं. मला वाटलं, झाडाचं मूळ. दगड पाहिला तर तो तिकडे लांब. मग हे इकडे आलं कुठून?”

“मेंटेनर येईपर्यंत थांबला का नाहीस?”

“मुकादम म्हणाला, दगड आहेत ना? दगड बघून खण.”

दगडावर विश्वास ठेवा. काल मी माईकमधून तेच तर सांगत होतो, बरोबर त्याच वेळी. मला तिथे उभं राहवेना. मी जिना उतरलो तेव्हा तो मागून म्हणाला, “साहेब, तुरुंगाचं एवढं वाटत नाही. पण त्याला वाटतंय की मी बेफिकिरी केली. तेवढं खोटं असेल तर खोटं म्हणून कुणीतरी सांगा त्याला.”

४

दुपारी जेवायला घरी गेलो आणि जेवणाच्या टेबलावरच केबलचा नकाशा पसरला. बायको चिडली. “ताट कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?”

“ठेव कुठेही. आधी हे बघ. या दगडांची संख्या मोज. मला चष्म्यातूनही धड दिसत नाही.”

तिने बोट फिरवत मोजलं. “पंधरा.”

“नीट मोज.”

“मला पंधरापर्यंत मोजता येतं हो! आणि ही रेघ इथे अशी पोट पुढे काढून का आलीय?”

मी वाकून पाहिलं. सातव्या दगडानंतर केबल बाहेर वळली होती, आठ आणि नऊ नंबरचे दगड तीन मीटर बाहेर होते, आणि दहाव्याला ती परत रांगेत आली होती. त्या वळणावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पाण्याची टाकी’. कोळशाच्या इंजिनांच्या काळातली टाकी. वरचा भाग कधीच पाडला, पण पाया जमिनीत तसाच आहे. केबल त्या पायाला वळसा घालून जाते. आज तिथे उभं राहिलं तर नुसतं गवत दिसतं.

“आणि तिथे आता किती दगड आहेत?” बायकोने विचारलं.

मी सकाळी मोजले होते. तेरा. एका ओळीत, सारख्या अंतरावर, एकापासून तेरापर्यंत नंबर घातलेले.

“मग दोन दगड कुणीतरी पळवले,” ती म्हणाली. “आणि बाकीचे सरकवून फट बुजवली. कुणाचा फायदा झाला त्यात?”

ताट तसंच ठेवून मी उठलो.

५

फायदा मुकादमाचाच! दगड वळणावर असते तर नालीलाही वळसा घालावा लागला असता. काम वाढलं असतं. दगड सरळ केले की नाली सरळ. मी त्याला रांगेपाशीच गाठलं आणि आवाज चढवला.

“दोन दगड कुठे गाडलेस?”

त्याची छत्रीच खाली आली. “कुठले दगड, साहेब?”

“आठ आणि नऊ! सोंग करू नकोस. पंधराचे तेरा तूच केलेस.”

“आईशप्पथ नाही! मी या कामावर दोन महिन्यांपूर्वी आलो. पहिल्या दिवसापासून तेराच आहेत.”

मला त्याचं एक अक्षरही खरं वाटेना. पण रागात असलो तरी मी जुना माणूस आहे. दगडांना दरवर्षी एकदा, मोठ्या तपासणीच्या आधी, रंग देतात. आधी पांढरा, त्यावर काळा नंबर. मी आठ नंबरच्या दगडापाशी बसलो आणि किल्लीने नंबर खरवडायला लागलो. काळ्या आठाखाली पांढरा थर निघाला, त्याखाली पुन्हा काळा आठ. पुन्हा पांढरा. पुन्हा आठ. मग पांढरा, आणि त्याखाली एक आणि शून्य.

दहा.

तीन आठ, म्हणजे तीन वर्षं. हा दगड तीन वर्षांपूर्वीपर्यंत दहा नंबरचा होता. आठ आणि नऊ तेव्हाच गेले होते. मुकादम दोन महिन्यांपूर्वी आला, जेसीबीवाला त्याच्यानंतर. दोघांचाही याच्याशी संबंध नाही.

“माझी एक चूक झाली,” मुकादम आता हळू आवाजात बोलत होता. “मेंटेनर यायची वाट बघायला हवी होती. आधी तो नेहमी यायचा. म्हणायचा, दगड बघू नका, मी सांगतो तिथे थांबा. काल आला नाही. चौकीत विचारलं तर म्हणाले, सगळे तुमच्या भाषणाला गेलेत.”

दगड बघू नका! या टप्प्याचा मेंटेनर मौनीबाबा, आणि रांग खोटी आहे हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर काल मी जागा सांगायच्या आतच तो उठला होता. नाली कुठवर आलीय आणि त्या सकाळी काय तुटणार, हे त्या सभागृहात फक्त त्यालाच कळलं होतं.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या चौकीवर गेलो. रुळाच्या कडेची एका खोलीची चौकी. आत टेबल, केबलची रिळं, हत्यारं खिळ्यांवर मापात टांगलेली. माझंच शिक्षण. तो मला बघून उठला नाही. नुसता म्हणाला, “मागच्या बाजूला आहेत.”

मागे भिंतीला टेकून दोन दगड उभे होते. स्वच्छ पांढरे. आठ आणि नऊ. वर वळणाचे बाणसुद्धा काढलेले.

“यांनाही दरवर्षी रंग देतो,” तो मागून येऊन म्हणाला. “परत लावायचे होते ना. मग राहून गेलं. जिथे कुणी खणेल तिथे मी स्वतः उभा राहायचो. तीन वर्षं एकदाही चुकलो नाही. त्या दिवशी तुमच्याकडे रजा मागायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, भाषणाला हजेरी सक्तीची आहे.”

“मग तेव्हाच का नाही बोललास? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास? एका माणसाची बोटं गेली! दुसरा तुरुंगात जाईल!”

तो वाकून दगडावरची धूळ झटकू लागला.

“दगड कुणी काढले?”

“मीच.”

“का?”

त्याने नजर जमिनीकडे वळवली. मला भयंकर संताप आला. बावीस वर्षं शिकवलेला माणूस, आणि असा दगाबाज निघावा!

“कुणाच्या सांगण्यावरून काढलेस? ठेकेदाराच्या? बोल! नाव सांग, आत्ताच्या आत्ता लिहितो!”

त्याने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

“साहेब,” तो म्हणाला, “तुम्हाला खरंच आठवत नाही?”

७

आठवलं. सगळं आठवलं, आणि कुणी थोबाडीत मारावी तसं आठवलं.

तीन वर्षांपूर्वी तपासणीच्या दोन दिवस आधी मी रुळावरच्या ट्रॉलीतून या बाजूने गेलो होतो. ट्रॉलीवरून सगळा मार्ग कसा टापटीप दिसत होता. आणि मध्येच हे दोन दगड रांग सोडून बाहेर! मी मौनीबाबाला म्हणालो होतो, “हे दगड आहेत की म्हाताऱ्याचे दात? परवा मोठे साहेब येतायत. मला रांग कशी सुतात हवी.” ट्रॉलीवरचे सगळे हसले होते. तपासणीच्या दिवशी रांग सुतात होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो होतो, “आता कसं शोभतंय!” दगड कमी कसे झाले, हे मी विचारलं नव्हतं. बघितलंच नव्हतं. सरळ होते, मला तेवढं पुरे होतं. त्या वर्षी उत्कृष्ट विभागाची ढाल आम्हाला मिळाली. ती माझ्या दिवाणखान्यात आहे.

“अरे, मी गंमत केली होती!”

“तुम्ही गंमत करता साहेब, आम्हाला तो हुकूम असतो,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. “तपासणी झाली की लावणार होतो. पण ढाल मिळाली. मग दगड परत बाहेर काढायचे म्हणजे तुमची ढाल खोटी होती असं होईल. धीर झाला नाही. माझंच नाव लिहा. नाहीतर त्या जेसीबीवाल्याचं. तुमचं मी कुणाला सांगणार नाही. चार महिन्यांसाठी कशाला?”

मी कचेरीत आलो आणि अहवालाचा कागद समोर ओढला. जबाबदार व्यक्तीचा रकाना रिकामा होता. खोटं कशाला बोलू, तीन तास मी त्या रकान्याकडे बघत बसलो. जेसीबीवाल्याचं नाव लिहायला हात दोनदा पुढे गेला. मौनीबाबाचं एकदा. तो कबूल होताच! दगड त्याने उपटले होते, माझा तर हातही लागला नव्हता. निवृत्तीचा समारंभ, बायकोने आणून ठेवलेली नवी साडी, चाळीस वर्षांचं नाव, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. आणि मध्येच तो जिन्यावरचा माणूस, हातात औषधांची पिशवी घेऊन.

पावणेपाचला मी माझं नाव लिहिलं. खाली कारण लिहिलं: केबलच्या खुणेचे दोन दगड तपासणीच्या शोभेसाठी माझ्या सांगण्यावरून काढले गेले. आणि खणण्याच्या दिवशी मेंटेनरला मीच जागेवरून दूर ठेवलं. कागद पाठवून दिला आणि तसाच रुग्णालयात गेलो.

८

जेसीबीवाला जिन्यावरच होता. मी त्याला म्हटलं, “थांब इथेच. तुझी चूक नव्हती, एवढं मी वर सांगून येतो.” तो ताडकन उठला आणि पुन्हा बसला. पुढचं त्याला सांगायचं होतं, पण जीभ रेटेना.

वॉर्डमध्ये सांधेवाला उशीला टेकून बसला होता. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत कोपरापर्यंत. उशाशी त्याची थोरली बहीण आणि पायाशी बायको. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चाकोऱ्या, वळण, तीन आठ आणि खालचा दहा. मग ट्रॉली, आणि माझी गंमत. मला कुणी बसा म्हणालं नाही.

बहीण तोंडाला पदर लावून रडायला लागली. “दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही गं,” ती भावजयीला म्हणाली. “पाणीसुद्धा विचारलं नाही.”

सांधेवाल्याची बायको माझ्याकडे बघत होती. “एवढं सगळं, रांग सरळ दिसावी म्हणून?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? क्षमा मागायचं ठरवून आलो होतो, पण तिच्यापुढे तो शब्द तोंडातून फुटेना.

सांधेवाल्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग बायकोला म्हणाला, “भाऊजी कुठेत?”

“जिन्यावर.”

“बोलाव त्यांना आत.” मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. “साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा.”

मी बाहेर आलो. जेसीबीवाला धावतच वर येत होता. दारात त्याने माझे दोन्ही हात घट्ट धरले. “तुमचे उपकार जन्मात फिटणार नाहीत, साहेब,” तो म्हणाला. “तुम्ही होतात म्हणून खरं बाहेर आलं.”

मी तोंड उघडेपर्यंत तो आत गेला होता आणि दार लागलं होतं.